जिलबीचा गुडघा

जिलबीची शेपटी अस्सल गावठी होती, बाकीचा ऐवज लॅब्राडोरचा. कुठल्या बंगल्यातल्या लॅब्राडोरने कुठल्या रात्री कुंपण ओलांडलं ते त्यालाच ठाऊक, पण 2006 च्या पावसाळ्यात विक्रोळीला कन्नमवार नगरात आमच्या इमारतीच्या मीटरखोलीत तीन पिल्लं सापडली. दोन आठवड्याभरात लोकांनी नेली. तिसरी उरली. अंगाने भरलेली, पिवळट, रुंद कपाळाची, आणि मागे ही जिलबीसारखी वळसे घेतलेली शेपटी. विलायती कुत्रं हवं असणाऱ्यांना शेपटी खटकायची आणि भटक्या पिल्लांची कणव येणाऱ्यांना ती पुरेशी दीनवाणी वाटायची नाही. दोन्हीकडून नापास होऊन ती तिसऱ्या मजल्यावर आमच्याकडे आली.

सासूबाई मालवणच्या. त्यांच्या हिशेबी कुत्रा हा खळ्याबाहेरचा प्राणी. "कुत्रो म्हणजे भायलो, घरात कित्याक?" असं त्या पहिल्या दिवशी म्हणाल्या आणि संध्याकाळी पिल्लू देवघराखाली झोपलेलं बघून, "चार दिस रवांदे, मगे बघूया," यावर आल्या. ते चार दिवस पुढे तेरा वर्षं चालले.

जिलबीला भुंकायचा आळस होता. पोस्टमन, गॅसवाला, मीटर बघायला येणारा, कुणालाही ती नुसती मान वर करून बघायची. भुंकायची ती फक्त आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांवर, आणि तेही ते हातात फाइल घेऊन आले तरच. त्यांना हा कटाचा भाग वाटे. दुपारी घरातली माणसं लवंडली की तिची फेरी निघायची. एकेक मजला उतरत ती प्रत्येक उंबऱ्यावर थांबायची, दारावर नाक टेकवायची, काही न मागता उभी राहायची. तळमजल्यावर खारी, पहिल्या मजल्यावर चपातीचं टोक, दुसऱ्या मजल्यावर डिसोझांकडे बांगड्याचं डोकं. श्रावणात आमच्यासकट बहुतेक घरांतली मासळी बंद झाली की डिसोझांकडचा मुक्काम लांबायचा. मी पालिकेच्या शाळेत असेपर्यंत मला या फेरीचा पत्ताच नव्हता. निवृत्त झाल्यावर कळलं की माझ्या घरी दोन वेळा मोजून जेवणारी ही कुत्री इमारतभर आणखी चार वेळा जेवते.

2012 चा जुलै. खाली आवारात पोरांचं क्रिकेट चाललं होतं. जिलबी तिथे मिडविकेटला कायम नेमलेली. ओल्या फरशीवरून ती चेंडूमागे वळली, एक किंकाळी ऐकू आली आणि मी खिडकीत येईतो ती उजवा मागचा पाय पोटाशी घेऊन जिन्याकडे निघाली होती. ज्याने चेंडू मारला तो मुलगा आमच्या दारात येऊन रडला. इमारतीने खटला चालवून त्याला दोषीही ठरवलं.

संध्याकाळपर्यंत तिने पायाची बोटं टेकली. दोन-तीन दिवसांत लंगडत चालू लागली. सासूबाईंनी आपल्या वाट्याचं नारायण तेल काढलं. त्यांनी चोळायचं आणि तिने चाटायचं, असा तो उपचार. एकाने पार्कसाइटला पाय बसवून देणारा आहे म्हणून सांगितलं. दुसऱ्या एका शेजाऱ्याने आपल्या पाठदुखीची गोळी अर्धी करून आणली. ती मी डब्यात ठेवून दिली ते बरं झालं. आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटात गेलं की जठराला जखमा होतात, मूत्रपिंडं बंद पडू शकतात, हे पुढे डॉक्टरांनी सांगितलं. माणसाच्या घरातल्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याच्या दृष्टीने विषाच्या कपाटात ठेवाव्यात अशाच आहेत.

जवळच्या दवाखान्यात मेलोक्सिकॅम हे कुत्र्यांना चालणारं वेदनाशामक मिळालं आणि विश्रांती सांगितली. पाय सुधारला, पुन्हा बिघडला, पुन्हा सुधारला. मला खरी काळजी लागली ती तिच्या बसण्याने. पूर्वी ती दोन्ही मागचे पाय पोटाखाली नीट घेऊन, पाठ ताठ ठेवून बसायची. आता उजवा पाय बाजूला काढून, एका कुल्ल्यावर रेलून बसू लागली. उठताना आधी पुढचे पाय, मग डावा, आणि उजवा नुसता मागून ओढलेला. आंघोळ घालताना दोन्ही मांड्यांना हात लावला तर उजवी मांडी निम्मी झाल्यासारखी लागली. मी तिला ढकलून पुन्हा सरळ बसवलं. दोन क्षण माझ्या समाधानासाठी बसली आणि पाय परत बाहेर.

मग एका मोठ्या दवाखान्यात तिला थोडं गुंगीत घेऊन एक्स-रे काढला. फुटलेलं तुटलेलं काहीच दिसेना. डॉक्टरांनी तो माझ्यापुढे धरून सांगितलं की गुडघ्यात दोन हाडं बांधून ठेवणारं लिगामेंट एक्स-रेत दिसत नाही. दिसतो तो तुटलेल्या लिगामेंटमुळे सांध्यात साचलेला द्रव. खरी परीक्षा हाताने होते. एका हातात मांडीचं हाड, दुसऱ्यात नडगीचं, आणि नडगी पुढे ओढून बघायची. धडधाकट गुडघ्यात ती हलत नाही. जिलबीची सरकन पुढे आली. ते बघताना माझ्याच पायातून कळ गेली.

डॉक्टर सज्जन होते. सगळं सांगून मग खर्च सांगितला. नडगीच्या हाडाचा वरचा भाग गोलाकार कापायचा, फिरवायचा, प्लेट आणि स्क्रूंनी पुन्हा बसवायचा. आकडा लाखाच्या घरात होता.

घरी आल्यावर हे बराच वेळ काही बोलले नाहीत. यांचं गोदरेजमधलं काम सुटून वर्ष झालेलं, सासूबाईंच्या एका डोळ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं, मुलीच्या लग्नाचं कर्ज फिटायचं होतं. नातेवाइकांत विषय निघाला तेव्हा एक बाजू म्हणाली, कुत्रीवर कुणी लाख घालतं का? दुसरी म्हणाली, जीव आहे, पैशाकडे काय बघायचं? या दुसऱ्या बाजूचा मला जास्त राग आला. पैशाकडे बघावंच लागतं. ज्यांना लागत नाही त्यांनी सल्ले द्यायचे थांबवावेत. मी सरळ त्या डॉक्टरांना फोन केला आणि म्हटलं, डॉक्टर, आम्हाला एवढे झेपणार नाहीत, दुसरं काही आहे का? त्यांचा आवाज मोकळा झाला. "मॅडम, हे आधी बोललात तर बरं. परळला कॉलेजला न्या. जुन्या पद्धतीचं ऑपरेशन तिथे करतात आणि हिच्या वजनाला ते चालेल."

परळला म्हणजे बैलघोड्याला. पाटीवर नाव बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय असं आहे, पण टॅक्सीवाल्याला ते सांगितलं तर तो विचारात पडतो आणि बैलघोडा म्हटलं की मीटर टाकतो. कापडगिरण्यांचे मालक दिनशॉ माणेकजी पेटिट यांनी आपल्या पत्नीच्या नावाने दिलेल्या देणगीतून 1880च्या दशकात ते उभं राहिलं. तेव्हा मुंबईचं सगळं ओझं बैलांच्या आणि घोड्यांच्या खांद्यावर होतं. 1874 साली सुरू झालेली ट्रामसुद्धा घोडेच ओढत. विजेची ट्राम यायला विसावं शतक उजाडावं लागलं. त्याच आवारात 1886 साली पशुवैद्यक महाविद्यालय निघालं. पुढे बैल गेले, घोडे गेले, कुत्री-मांजरं आली. नाव मात्र राहिलं.

विक्रोळीहून जायचं कसं हा प्रश्न होता. रिक्षा शीवच्या पुढे जात नाही आणि टॅक्सीवाले सत्तावीस किलोची कुत्री बघून काच वर करतात. आमच्या गल्लीतला फूलवाला पहाटे दादरच्या फूलबाजारात रिकामा टेम्पो नेतो. त्याच्या करंड्यांच्या मधे घोंगडी टाकून जिलबी, हे आणि मी. उजाडायच्या आत परळला फाटकाशी उतरलो.

केसपेपरच्या रांगेत आमच्यापुढे पोट फुगलेली शेळी होती, मागे खोक्यात पोपट, आणि बाजूला एक घोडीवाला, ज्याच्या घोडीचा खूर नालेच्या जागी पिकला होता. लग्नाच्या वरातीत चालणारी घोडी, गळ्यात अजून मोत्यांची माळ. वातानुकूलित दवाखान्यात माणसं एकमेकांकडे बघत नाहीत, इथे प्रत्येक जण दुसऱ्याच्या जनावराचं दुखणं विचारत होता आणि उपाय सांगत होता. जिलबी कुणावरही भुंकली नाही. फाइलवाला कुणी नव्हता.

शल्यविभागातले सर शिकवत शिकवत तपासत. टेबलाभोवती विद्यार्थी. त्यांनी एकेकाला जिलबीची नडगी पुढे ओढून बघायला लावली. मला ते आधी आवडलं नाही, पण एका मुलीने हात लावण्याआधी तिच्या कानामागे खाजवलं आणि जिलबीने शेपटीचा एक वळसा सोडला, तेव्हा मी गप्प बसले. सरांनी मला सांगितलं ते त्या मुलांनाही उद्देशून होतं. फुटबॉल खेळणाऱ्या माणसाचं लिगामेंट एका झटक्यात तुटतं. कुत्र्याचं बहुतेक वेळा आतून हळूहळू झिजत आलेलं असतं, धागा धागा सुटत असतो, आणि मग एखादं साधं वळणं पुरतं. म्हणजे चेंडू मारणारा मुलगा निर्दोष. ही बातमी मी त्याच संध्याकाळी त्याच्या आईला दिली.

कुत्र्याच्या नडगीचा वरचा माथा सपाट नसतो, मागच्या बाजूला उतरता असतो. साधारण बावीस ते पंचवीस अंशांचा उतार. कुत्रं पाय टेकतं तेव्हा मांडीचं हाड त्या उतारावरून मागे घसरू बघतं आणि नडगी पुढे निसटते. दर पावलाला ते धरून ठेवणारं एकच लिगामेंट. ते गेलं की आतली कुर्चेची चकतीही चेंगरू लागते. यावर माणसांनी काय काय केलं त्याची कथाच सरांनी ऐकवली. 1952 साली पात्सामा नावाच्या फिनलंडच्या पशुशल्यतज्ज्ञाने मांडीच्या आवरणाची पट्टी कापून ती सांध्यातून ओवली. 1970 साली अमेरिकेत डीअँजेलिस आणि लाऊ यांनी सांधा न ओवता बाहेरूनच टाके घालून गुडघा आवळायची पद्धत छापली. 1993 मध्ये बार्कले स्लोकम यांनी विचारच बदलला: लिगामेंट परत करायच्या नादाला न लागता उतारच कमी करा, पाच अंशांवर आणा, मग नडगी पुढे जाणारच नाही. मोठ्या दवाखान्याने सांगितलेलं ऑपरेशन ते हे. त्याला खास करवत लागते, प्लेट लागते, कोन मोजून कापणारा सराईत हात लागतो. मोठ्या आणि जड कुत्र्यांत त्याचे निकाल जास्त चांगले येतात हे सरांनी झाकून ठेवलं नाही. "रॉटवायलर असता तर मी तुम्हाला कर्ज काढा म्हटलं असतं," ते म्हणाले. "हिला दोरा चालेल. पण ही आत्ता सत्तावीस किलोची आहे. मला ही बावीसची हवी."

दोरा म्हणजे जाड नायलॉनचा एकपदरी दोरा. गुडघ्यामागे मांडीच्या हाडाला चिकटून फॅबेला नावाचं छोटं हाड असतं. त्याच्यामागून दोरा घ्यायचा, पुढे नडगीच्या उंचवट्याला भोक पाडून त्यातून काढायचा, ताणायचा, आणि गाठीऐवजी स्टीलची बारीक नळी दाबून बंद करायचा. हाड कापायचं नाही, प्लेट नाही, स्क्रू नाहीत. यातला सगळ्यात महाग भाग भूल आणि औषधं. अमेरिकेत बरीच वर्षं डॉक्टर यासाठी मासेमारीचाच ऐंशी पौंड ओढ सोसणारा नायलॉन दोरा निर्जंतुक करून वापरत आले आहेत. हे मी घरी सांगितलं तेव्हा सासूबाई पहिल्यांदा खुलल्या. "म्हणजे गरवूच्या दोऱ्यान शिवतले?" त्यांचे वडील गरवणारे. त्यांच्या लेखी आता हा उपचार भरवशाचा झाला. "तो दोरो मासो सोसता, ह्या धुडाक काय एक जावचा नाय."

आणखी एक गोष्ट सरांनी सांगितली ती मला अजून विलक्षण वाटते. हा दोरा जन्मभर टिकत नाही. काही महिन्यांत तो सैल पडतो, कधी तुटतो. पण तोवर सांध्याभोवती शरीर स्वतःच जाड, चिवट ऊतींचं आवरण घालतं आणि पुढे गुडघा धरून ठेवतं ते आवरण. डॉक्टर फक्त मुदत मिळवून देतात. त्या मुदतीत कुत्रं उड्या मारत सुटलं तर दोरा आधी जातो आणि आवरण मागे राहतं. "माझं काम तासा-दीड तासाचं," सर म्हणाले. "तुमचं दहा-बारा आठवड्यांचं."

ऑपरेशन झालं. खर्च औषधं, दोरा, टेम्पो धरून माझ्या एका महिन्याच्या पेन्शनमध्ये बसला आणि थोडी उरली. स्वस्तात झालं असं पुढे मी अनेकांना सांगितलं. ते आठवडे मात्र स्वस्त नव्हते.

आमची इमारत चार मजली, बिनलिफ्टची. जिलबीला जिना बंद. दिवसातून चार-पाच वेळा तिला खाली नेणं आलं. पहिल्या दिवशी गणपती मंडळाच्या पोरांनी चादरीची झोळी करून तिला वर आणलं. मूर्ती आणताना देतात तशी ललकारी दिली, पण रोज कोण येणार? तेव्हा यांनी तळमजल्यावरचं सोसायटीचं ऑफिस मागितलं. एक टेबल, लोखंडी कपाट, सभासदांच्या वह्या, आणि भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ. अध्यक्षांनी उपविधी काढले. सचिव म्हणाले, रात्री तिथे पंप चालू करायला कुणीतरी हवंच आहे. ठराव मंजूर. त्या रात्रीपासून हे आणि जिलबी ऑफिसात झोपू लागले, आणि अध्यक्षांना वह्या हव्या असल्या की खिडकीतून मागाव्या लागत. गळ्यात प्लॅस्टिकचा भोंगा घातलेली जिलबी त्या खिडकीशी बसायची. भोंग्यातून निघालेलं भुंकणं दुप्पट मोठं यायचं.

तिला हिंडवायचं म्हणजे पोटाखालून जुना टॉवेल घालून दोन्ही टोकं वर धरायची, कंबरेचा भार आपण घ्यायचा आणि तिने पावलं टाकायची. टाके निघाल्यावर सांध्याचा व्यायाम. कुशीवर निजवून एक हात मांडीवर, दुसरा घोट्यावर. पाय सावकाश दुमडायचा, सावकाश सोडायचा, दुखेल तिथे थांबायचं. सुरुवातीला ती मान वळवून माझं मनगट दातांत धरायची. दाबायची नाही, नुसतं धरायची. आकडा पुरा होईपर्यंत तसंच धरून ठेवायची आणि मग सोडून द्यायची. पुढे पट्ट्यावर चालणं, आधी पाच मिनिटं, दर आठवड्याला थोडं वाढवत, आणि तेही मुद्दाम हळू, कारण घाईत कुत्रं दुखरा पाय उचलून तीन पायांवर धावतं; हळू चालवलं तरच टेकवतं. यांनी आयुष्यात कधी कुठे हळू चालून दाखवलं नव्हतं. त्या पावसाळ्यात शिकले.

सगळ्यात कठीण होतं वजन. जिन्यावर मी पाटी लावली: "जिलबीला काहीही देऊ नये." पाटी वाचून लोक हळहळत आणि आत जाऊन खारी आणत. शेवटी मी मजल्यामजल्यावर जाऊन दाराशी उभं राहून बोलले, शाळेत पालकसभेला बोलायचे त्या आवाजात. सांगण्यासारखं माझ्याकडे होतंही. अमेरिकेत अठ्ठेचाळीस लॅब्राडोरांवर आयुष्यभर चाललेला एक प्रयोग 2002 साली प्रसिद्ध झाला. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाऊ घातलं, तर कमी खाणारी कुत्री सरासरी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांचे सांधेही उशिरा दुखू लागले. डिसोझाबाईंनी छातीवर क्रॉस केला आणि बांगड्याचं डोकं मांजराकडे वळवलं. तळमजल्यावरच्या आजोबांनी मात्र ऐकलं नाही. ते म्हणाले, दोन वर्षं जास्त जगून हिला करायचंय काय?

वजन करायला किराणा दुकानातला पोत्यांचा काटा. वाणी आधी तिला वर चढवायचा, मग एक पोतं ठेवून काटा तपासायचा, त्याचा तिच्यापेक्षा काट्यावर कमी विश्वास. चोवीसपर्यंत वजन लवकर आलं. चोवीसच्या खाली यायला दिवाळी उजाडली. बावीस कधी झालं नाही; तेवीसवर सरांनीही मान्यता दिली.

नाताळापर्यंत ती चारही पायांवर जिना चढू लागली. थंडीत सकाळी उठताना पहिली काही पावलं आखडलेली पडत, मग मोकळी होत. मिडविकेटची नेमणूक मी रद्द केली होती. ती मैदानाच्या कडेला पट्ट्यात बसून सामना बघायची, चेंडू जवळ आला की अंग ताठ करायची आणि माझ्याकडे बघायची. बसायची मात्र सरळ, दोन्ही पाय पोटाखाली घेऊन.

सासूबाईंचे गुडघेही दुखायचे, पण त्यांचं काही झालं नाही. डॉक्टरांनी त्यांना बदलून घ्या म्हणून सांगितलं होतं. मी म्हटलं, आई, जिलबी बघा कशी चालायला लागली. त्या म्हणाल्या, "तिका कोणी इचारल्यान? ती कुत्री आसा, म्हणान गप रवली. माझे गुडघे माझ्यावांगडा जातले." तसे ते 2015 साली गेले. शेवटच्या वर्षात दोघी दुपारी एकाच खिडकीशी पाय पसरून बसत. एकीला तेल लावलं की दुसरी चाटायला यायची.

एका मागच्या पायाचं लिगामेंट तुटलेल्या कुत्र्यांपैकी निम्म्याच्या आसपास कुत्र्यांचं पुढे दुसऱ्या पायाचंही जातं, हे सरांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. जिलबीचं 2017 मध्ये गेलं. तेव्हा ती अकरा वर्षांची होती, मूत्रपिंडं कुरकुरत होती आणि भूल देणं जोखमीचं होतं. वजन तेवीसच. पंधरा किलोच्या आतली बहुतेक कुत्री ऑपरेशनाशिवायही सावरतात, त्यावरची फारशी सावरत नाहीत, हे 1984 सालच्या एका अभ्यासापासून पशुवैद्य जाणून आहेत. जिलबी त्या रेषेच्या चुकीच्या बाजूला होती. आम्ही ऑपरेशन केलं नाही. ती लंगडत राहिली.

पण तोवर आमची इमारत पुनर्विकासाला गेली होती आणि आम्ही मुलुंडला भाड्याच्या घरात होतो, सातव्या मजल्यावर, लिफ्ट असलेल्या. जन्मभर जिना चढलेल्या जिलबीला लिफ्ट आधी पटली नाही. दार बंद झालं की ती यांच्या पायांमधे शिरायची. मग तिच्या लक्षात आलं की दार उघडतं तेव्हा दर वेळी वेगळी माणसं समोर असतात आणि त्यातल्या काहींच्या हातात पिशव्या असतात. दुपारची फेरी पुन्हा सुरू झाली. ही आता लिफ्टमधे बसून राहायची आणि घरं तिच्याकडे यायची. कुणी कुठल्याही मजल्यावर बटण दाबलं की आत जिलबी. नव्या सोसायटीत तक्रार गेली. अध्यक्ष फाइल घेऊन आले. पुढे काय झालं ते सांगायला नको.

2019 च्या मार्चमध्ये मूत्रपिंडं थांबली. मुलुंडच्याच डॉक्टरांनी घरी येऊन तिला झोपवलं. उजवा गुडघा शेवटपर्यंत पक्का होता. त्यांनी सवयीने नडगी ओढून बघितली आणि मला म्हणाले, हे कोणी केलं? चांगलं केलंय.

आता आम्ही नव्या इमारतीत आहोत. गेल्या महिन्यात पाचव्या मजल्यावरचा मुलगा त्याच्या बीगलला घेऊन आला. मागचा पाय बोटांवर टेकवतो, बसताना बाहेर काढतो. त्याला एका ठिकाणी मोठा आकडा सांगितलाय आणि कुणीतरी माझं नाव सांगितलं. मी बीगलला सरळ बसवून बघितलं. पाय बाहेर आला. आधी वजन केलं. अठरा किलो, निदान चार जास्त. मुलाला म्हटलं, आजपासून बिस्किटं बंद, आणि परळला जा. त्याने विचारलं, परळला कुठे? बैलघोड्याला, मी म्हटलं. त्याने मोबाइलवर टाइप केलं आणि काही सापडेना. मग मी त्याला फाटकाची खूण सांगितली, केसपेपरला लवकर पोचायला सांगितलं, आदल्या रात्रीपासून खायला काही देऊ नको म्हटलं, आधीचे एक्स-रे घेऊन जा म्हटलं. शिवाय चादर जुनी ने, नवी नेलीस तर घोडीवाल्याला लागते आणि परत येत नाही.